शब्दांची विचारपूस : एका ‘पंच’ची चार घराणी

मागील अंकात एका वाचकाने फळांच्या रसाच्या पेयाला ‘पंच’ का म्हणतात, असे विचारले होते. जागा थोडीच उरली असल्यामुळे मी एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो : ‘हा आपलाच पाच, पाच जिनसांचे पेय म्हणून पंच.’ त्या ओळीने महिनाभर माझी पाठ सोडलेली नाही. कुणी अभिनंदन केले, कुणी सौम्य शब्दांत कान उपटले, आणि काहींनी इंग्रजीतले दुसरे, तिसरे, चौथे ‘पंच’ माझ्यापुढे आणून ठेवले. सर्वांचा विषय एकच असल्यामुळे या खेपेचे संपूर्ण सदर या दोन अक्षरी शब्दाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आपले उत्तर वाचून अभिमान वाटला, पण पाठोपाठ शंकाही आली. पेयाच्या नावाची ही व्युत्पत्ती इंग्रजी कोशकारांना निःशंकपणे मान्य नाही, असे ऐकले आहे. पाच जिनसांची गोष्ट खरी की मागाहून रचलेली? (सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि माझी ओळ पुराव्याला पेलेल त्याहून अधिक ठाम होती, हे आधी कबूल करतो. आता पुरावा काय आहे ते क्रमाने पाहू.

पेय या अर्थी हा शब्द इंग्रजीत प्रथम आढळतो तो १६३२ सालच्या एका पत्रात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील रॉबर्ट ॲडम्स याने कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोली येथील वखारीतल्या आपल्या सहकाऱ्याला ते लिहिले होते. पेटापोली म्हणजे आजचे आंध्रातील निजामपट्टण. या पत्रात पंच पिण्याचा उल्लेख सहज येऊन जातो आणि पंच म्हणजे काय, हे सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटत नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्या शब्दाला सरावलेले होते, म्हणजे तो त्याआधी काही काळ तोंडोतोंडी फिरत असला पाहिजे. नंतर १६३८ च्या सुमारास भारतात आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या ‘पालेपुंट्झ’ नावाच्या पेयाची नोंद केली, आणि औरंगजेबाच्या काळात येथे राहून गेलेल्या फ्रेंच वैद्य बर्निए याने त्यालाच ‘बूलपोंज’ म्हटले. दोन्ही नावे ‘बाउल ऑफ पंच’ या इंग्रजी शब्दांची परकी कानांनी केलेली रूपे आहेत. पेय मोठ्या वाडग्यात कालवून मध्ये ठेवीत आणि प्रत्येक जण त्यातून आपला पेला भरून घेई, म्हणून वाडग्याचे नाव पेयाला चिकटले.

या नावाचा पाच या संख्येशी उघड संबंध जोडणारा साक्षीदार मात्र त्यानंतरचा आहे, आणि तो मराठी वाचकांच्या थोडाफार ओळखीचा आहे. जॉन फ्रायर हा कंपनीचा शल्यवैद्य १६७२ ते १६८१ या काळात पूर्वेकडे वावरला. शिवकालावरील लेखनात त्याचे दाखले येतात, आणि जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे उपचारासाठी तो गेला होता, हेही प्रसिद्ध आहे. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली छापले गेले. गोव्याकडच्या नेरूल येथे उत्तम अरक गाळली जाते, तिच्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज अंगातील शक्ती हरण करणारे ‘पॉंच’ नावाचे पेय बनवतात, आणि या शब्दाचा अर्थ हिंदुस्थानी भाषेत पाच असा आहे, कारण पेयात पाच जिनसा असतात, असे तो लिहितो. (हे नेरूल बारदेशातले, नव्या मुंबईतील नेरूळाशी गल्लत नको.) अरक, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी या त्या पाच जिनसा असे पुढे सांगण्यात येऊ लागले. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम; भट्टीच्या नळीतून थेंब थेंब ठिबकणाऱ्या दारूला हे नाव अगदी शोभते. गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला आजही ‘हुर्राक’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज आहे.

एवढे सगळे जुळत असताना अडते कुठे? पहिली हरकत मोजणीची आहे. मांडेल्स्लोच्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एवढ्या चारच जिनसा आहेत. या हरकतीला मी फार महत्त्व देत नाही. का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल. दुसरी हरकत उच्चाराची असून ती अधिक वजनदार आहे. ‘कट’, ‘बट’ अशा शब्दांतील इंग्रजी स्वर आज आपल्या ‘अ’च्या जवळचा वाटतो, परंतु शेक्सपिअरच्या काळात तो ‘पुट’, ‘फुल’ यांतल्यासारखा ‘उ’ होता. दक्षिण इंग्लंडात तो ‘अ’कडे वळला तो सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, उत्तर इंग्लंडात ‘कप’चा ‘कुप’च्या जवळ जाणारा उच्चार आजही कानी पडतो. तेव्हा १६३२ साली हा शब्द ‘यू’ हे अक्षर घालून लिहिणारा माणूस तो ‘पुंच’ असा उच्चारीत असण्याचा संभव आहे, आणि ‘पाँच’ किंवा ‘पंच’ ऐकून कुणी ‘पुंच’ म्हणेल, हे पटवणे सोपे नाही. ‘पंडित’, ‘बंगला’, ‘पंजाब’ हे आपले शब्द इंग्रजांनी याच ‘यू’ने लिहिले, असा प्रतिवाद करता येतो, आणि तो मला काही अंशी मान्यही आहे; पण हे शब्द त्यांच्या लेखनात रुळले ते बहुतांशी स्वर पालटल्यानंतर.

तिसरी हरकत म्हणजे पर्यायी व्युत्पत्ती. इंग्रज खलाशांच्या बोलीत ‘पंचन’ नावाचे एक लाकडी पिंप होते. जुन्या मापाने त्यात ८४ गॅलन, म्हणजे सुमारे ३१८ लिटर मद्य मावे. जहाजावर दारू येई ती अशा पिंपांतून, तेव्हा पिंपाचे नाव आखूड होऊन आतल्या पेयाला चिकटले असावे, असे काही अभ्यासक मानतात. या मतानुसार स्वराची अडचण उरत नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु पेयाचे सर्वांत जुने उल्लेख हिंदुस्थानाभोवतीच का घुटमळतात, याचा उलगडा त्यातून होत नाही.

मला विचाराल तर पारडे अजूनही पाचाकडे झुकते, मात्र ‘बहुधा’ हा शब्द पुढे ठेवूनच. आणि एक सांगितले पाहिजे : तो पाच असलाच तरी तो मराठी पाच नव्हे. आपण ‘पाच’ म्हणताना ‘च’ दातांपाशी उच्चारतो, ‘चाक’ किंवा ‘चोर’ यांतल्यासारखा. इंग्रजी कानाला तो ‘पाट्स’ असा ऐकू येईल, ‘पंच’ असा नव्हे. फ्रायर ‘हिंदुस्थानी’ म्हणतो ते यासाठीच लक्षात ठेवावे. मागील अंकातील ‘आपलाच’ हा शब्द मी मागे घेतो.

प्रश्न : मुष्टियुद्धाच्या एका बातमीत ‘पंचांनी त्याचे तीन पंच ग्राह्य धरले नाहीत’ असे वाक्य वाचले आणि क्षणभर काहीच उमजेना. निकाल देणारा पंच आणि ठोसा या अर्थीचा पंच यांचा काही संबंध आहे काय? आणि न्याय देणाऱ्याला पंच हे नाव इंग्रजीवरून आले काय? (परभणी)

उत्तर : संबंध नाही, आणि इंग्रजीवरूनही आलेले नाही. निवाडा करणारा पंच हा ‘पंचायत’मधला, म्हणजे संस्कृत ‘पञ्च’ या संख्यावाचकापासून आलेला आहे. गावातील पाच जाणत्या माणसांनी बसून दिलेला निर्णय तो पंचांचा निर्णय. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच व्यवस्थेतली. ठोसा या अर्थीचा ‘पंच’ फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेला असून त्याचा पाच या संख्येशी कसलाही संबंध नाही. मराठीत ‘ठोसा’ असा कानालाच लागणारा शब्द असताना बातमीदाराने ‘पंच’ लिहून वाचकाला कोड्यात टाकावे, याचे मला नवल वाटते.

आता आधीच्या पत्रातील मोजणीची हरकत पाहू. आपल्याकडील ‘पंच’ खरोखर किती असतात? पोलीस पंचनामा करतात तेव्हा झडतीसाठी दोन किंवा अधिक प्रतिष्ठित स्थानिक रहिवासी हजर असावेत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. व्यवहारात बहुधा दोघांच्याच सह्या असतात आणि तरीही कागदावर ‘पंच क्रमांक १’ व ‘पंच क्रमांक २’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. क्रिकेटच्या मैदानावर पंच दोन उभे राहतात आणि पडद्यापाशी बसलेल्याला आपण ‘तिसरा पंच’ म्हणतो. एकट्या माणसालाही पंच म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. नैवेद्याच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर ही मोजणी देवाच्या भीतीने पाळली जाते. पण लग्नाच्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला वाढतात त्या मिरच्यांच्या पंचामृतात चिंच, गूळ, तीळ, दाण्याचे कूट, खोबरे, मिरच्या आणि वर फोडणी एवढे सगळे असते, आणि पाचावर जिन्नस गेले म्हणून कुणी नाव बदलत नाही. नाव एकदा रुळले की त्यातील आकडा झिजतो. तेव्हा मांडेल्स्लोच्या वाडग्यात चारच जिनसा होत्या, एवढ्यावरून पाचाची व्युत्पत्ती खोटी ठरत नाही.

जाता जाता, इंग्रजी ‘अंपायर’चे मूळही पाहण्यासारखे आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे जो जोडीतला नाही तो, विषम असलेला. दोघांच्या भांडणात तिसरा उभा राहतो म्हणून तो ‘नम्पायर’. इंग्रजीत ‘अ नम्पायर’ म्हणता म्हणता आरंभीचा ‘न’ मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला आणि ‘ॲन अंपायर’ झाले. पाच हीदेखील विषम संख्या आहे, आणि निवाडा अडून राहू नये म्हणून विषम माणसे बसवण्याची युक्ती दोन्हीकडे दिसते. पण दोन्ही शब्द आपापल्या घरी स्वतंत्रपणे घडले आहेत.

प्रश्न : मी एस.टी.त वाहक म्हणून तीस वर्षे काढली. आम्ही तिकीट ‘पंच’ करीत असू. हल्ली माझा नातू कचेरीत गेल्यावर बोट टेकवून ‘पंच’ करतो. ठोशाला पंच म्हणतात ते ठाऊक आहे. तिकिटाला ठोसा मारल्यासारखे होते म्हणून हे नाव पडले काय? (पंढरपूर)

उत्तर : आपल्या पत्रामुळे तो आवाज पुन्हा कानांत घुमला. डाव्या हातात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्यांचा पत्र्याचा ट्रे, उजव्या हातात पकडीसारखा पंच, आणि ‘तिकीट, तिकीट’ म्हणत पुढे सरकताना दांडीवर त्या पंचाची टक्‌टक्. टप्प्याच्या आकड्यावर नेमके भोक पडले, की त्यातून सुटलेली बारीक टिकली प्रवाशाच्या मांडीवर पडायची. आता हातातल्या यंत्रातून कागदाची पट्टी निघते आणि तिला भोक नसते.

आपला तर्क जवळ जातो, पण क्रम उलटा आहे : आधी भोक आणि मग ठोसा. लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोचण्याच्या, ठसा उमटवण्याच्या हत्याराला ‘पॉंशॉं’ म्हणत. इंग्रजीत त्याचे ‘पंचन’ झाले आणि ते आखूड होऊन ‘पंच’. कारखान्यात भोक पाडण्याआधी पत्र्यावर खूण करण्यासाठी जो टोकदार पोलादी तुकडा हातोडीने ठोकतात, त्या सेंटर पंचात हा मूळ अर्थ जसाच्या तसा शिल्लक आहे. क्रियापद म्हणून ‘पंच’चा आधीचा अर्थ काठीने टोचणे, ढोसणे असा होता, आणि मुठीने मारणे हा अर्थ सोळाव्या शतकात रूढ झाला. अमेरिकेत गुराख्याला ‘काउपंचर’ म्हणत, तो गाईंना ठोसे मारीत असे म्हणून नव्हे, तर लांब काठीने ढोसून त्यांना रेल्वेच्या डब्यात चढवीत असे म्हणून. याच लॅटिन धातूची इतर नातवंडे आपल्याकडे चांगली नांदत आहेत : सायकलचे ‘पंक्चर’ आणि महाबळेश्वरचे सगळे ‘पॉइंट’ त्याच कुळातले. दारूच्या पिंपाला ‘पंचन’ म्हणत ते पिंपावर असा ठसा मारीत म्हणून, असेही एक मत आहे. ते खरे असेल आणि पेयाचे नाव पिंपावरून आले असेल, तर पेय आणि ठोसा एकाच घरातले ठरतील. पण ही दोन ‘जर’ची शिडी आहे, तिच्यावर मी चढणार नाही.

आपल्या पंचाने जगात मोठे काम केले आहे, तेही सांगतो. हर्मन हॉलरिथ हा अमेरिकन अभियंता जनगणनेचे काम यंत्राने कसे उरकावे, या विवंचनेत होता. रेल्वेच्या प्रवासात त्याने असे पाहिले, की एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून तिकीट तपासनीस प्रवाशाचे वर्णनच तिकिटावर पंच करतो : केस फिके, डोळे काळे, नाक मोठे, आणि ज्या त्या शब्दापाशी भोक. हॉलरिथने प्रत्येक माणसासाठी तसेच एक कार्ड केले, आणि १८९० सालची अमेरिकेची जनगणना भोके पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली. त्याची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांत विलीन होऊन जी नवी कंपनी झाली, तिनेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. कारखान्यांतून हजेरीच्या घड्याळात कार्ड घालून ते पंच करण्याची रीतही त्याच सुमारास पसरली. नातवाच्या कचेरीत आता ना कार्ड आहे ना भोक, आहे ती नुसती काच. तरी तो ‘पंच करतो’ असेच म्हणतो, जसे आपण आजही फोन ‘लावतो’.

हत्याराच्या या अर्थाशी देवनागरी छपाईचा निकटचा संबंध आहे. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, ओतण्यासाठी आधी प्रत्येक अक्षर पोलादाच्या कांबीच्या टोकावर उलटे कोरावे लागे. त्या कोरीव कांबीला ‘पंच’ म्हणत. ती तांब्यावर ठोकून साचा करीत आणि साच्यातून खिळा ओतीत. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली ओतशाळा काढली, आणि पुढे निर्णयसागरच्या ज्या टायपाची देशभर वाखाणणी झाली त्याचे पंच राणोजी रावजी आरू यांनी कोरले होते. त्याच्या कितीतरी आधी बंगालमध्ये १७७८ सालच्या हॅलहेडच्या व्याकरणासाठी बंगाली अक्षरे तयार झाली, तेव्हा चार्ल्स विल्किन्सचा मदतनीस असलेला आणि पुढे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे देवनागरीचे खिळे घडवणारा कारागीर होता पंचानन कर्मकार. त्या मिशनऱ्यांपैकी विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले ते याच श्रीरामपुरात. पंच कोरणाऱ्याचे नाव पंचानन असावे, हा योगायोग इतका सुरेख आहे, की शंभर वर्षांनी कुणी ‘पंचाननाने शोधले म्हणून पंच’ असे छापले तर मला आश्चर्य वाटणार नाही. पंचानन म्हणजे पाच मुखांचा शंकर. हत्याराच्या नावाशी त्याचे काही देणेघेणे नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यातील जुन्या कागदांत ‘हिंदी पंच’ असे शीर्षक असलेले एक व्यंगचित्र सापडले, पण त्यावर हिंदीचे अक्षरही नाही. येथे ‘पंच’ म्हणजे पंचायतीचा पंच समजायचा काय? (ठाणे)

उत्तर : हे चौथे घराणे, आणि सर्वांत खट्याळ. इटलीतील नेपल्सच्या लोकनाट्यात ‘पुल्चिनेला’ नावाचे पोक काढलेले, बाकदार नाकाचे, भांडखोर सोंग असे. त्याचे नाव कोंबडीच्या पिल्लाला असलेल्या ‘पुल्चिनो’ या शब्दावरून, बहुधा त्या चोचीसारख्या नाकामुळे, पडले असे मानतात. इटालियन बाहुलीवाले त्याला लंडनला घेऊन गेले. सॅम्युएल पेपिस याने ९ मे १६६२ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिल्याचे दैनंदिनीत नोंदवले आहे. इंग्रजांच्या तोंडी ‘पंचिनेलो’ झाले आणि पुढचे शेपूट गळून ‘पंच’ उरला. अवघ्या सात वर्षांत, म्हणजे १६६९ मध्ये, पेपिसने आणखी एक मौजेची नोंद केली : एका गरीब घरातील गुबगुबीत मुलाला आईबाप ‘पंच’ म्हणून हाक मारीत होते, आणि जे जे जाड व बुटके त्याला हा शब्द आता सर्रास लावला जातो. सफोक परगण्यातील आखूड पायांच्या, भरदार अंगाच्या नांगराच्या घोड्यांना ‘सफोक पंच’ म्हणतात, ते बहुधा यावरूनच.

या बाहुल्याचे नाव घेऊन १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघाले. हेन्री मेह्यू आणि मार्क लेमन हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. पंचात लिंबू हवेच, असे बैठकीत कुणीतरी लेमनच्या आडनावावरून म्हणाले आणि नाव ठरले, असा किस्सा सांगतात. म्हणजे बाहुल्याच्या घराण्यात पेयाच्या घराण्यानेही पाय टाकला. कार्टून हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो याच साप्ताहिकातून, १८४३ साली.

मुंबईत १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ निघाले आणि पुढे त्याचेच ‘हिंदी पंच’ झाले. येथे हिंदी म्हणजे हिंद देशाचा. त्यातील मजकूर इंग्रजीत आणि गुजरातीत असे, म्हणून आपल्याला हिंदी अक्षर दिसले नाही. लखनौला १८७७ साली उर्दूत ‘अवध पंच’ सुरू झाले, आणि आपल्या ठाण्याहूनच एकोणिसाव्या शतकात ‘हिंदुपंच’ नावाचे मराठी पत्र निघत असे. या नावांत लंडनचा बाहुला आहे, हे उघड आहे. तरीही आपला प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही, कारण येथील वाचकाच्या कानाला ‘पंच’ म्हटले की चावडीवर बसून चारचौघांचे माप पदरात घालणारा माणूस आठवणारच, आणि राज्यकर्त्यांचे माप त्यांच्या पदरात घालू पाहणाऱ्या संपादकांना हा दुहेरी अर्थ नकोसा झाला असेल, असे मला वाटत नाही. ‘हिंदी पंच’च्या चित्रकारांनी लंडनच्या त्या बाहुल्याला हिंदी वेष चढवून ‘पंचोबा’ केले होते. खंडोबा, विठोबा यांच्या रांगेत शोभणारे हे नाव पाहिले, की ज्याने ते सुचवले त्याची मराठीशी किती घसट असेल, असा विचार मनात येतो.

प्रश्न : ‘पंच-ड्रंक’ म्हणजे पंच पिऊन झिंगलेला ना? आणि विनोदातील ‘पंचलाइन’ कोणत्या पंचाची? (नाशिक)

उत्तर : पहिल्यात पेयाचा थेंबही नाही. डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाऊन ज्याची चाल अडखळते आणि जीभ जड होते, अशा मुष्टियोद्ध्याला बघे लोक तसे म्हणत, कारण तो प्यायलेला वाटे. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने १९२८ साली याच नावाचा निबंध लिहून हा मेंदूचा विकार असल्याचे मांडले. पंचलाइनही ठोशाचीच : विनोदाच्या शेवटी जे वाक्य नेमके लागते ते. हास्यप्रहसने लिहिणारे आपले लेखक ‘पंच बसला नाही’ म्हणतात, तेव्हा ते ‘ठोसा बसणे’ याच मराठी वळणाने बोलत असतात.

प्रश्न : सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारले, की पंच, पंजा आणि इंग्रजीतील ‘फाइव्ह’ हे एकच काय? मला नीट सांगता आले नाही. (चिपळूण)

उत्तर : मुलीला शाबासकी द्यावी. फारसीत पाचाला ‘पंज’ म्हणतात. पाच बोटांचा तो पंजा आणि पाच नद्यांचा तो पंजाब. संस्कृत ‘पञ्च’, फारसी ‘पंज’, ग्रीक ‘पेन्ते’, लॅटिन ‘क्विंक्वे’ आणि इंग्रजी ‘फाइव्ह’ हे सर्व एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. मुळातील ‘प’ जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला, जसा ‘पितृ’चा ‘फादर’ झाला आणि ‘पाद’चा ‘फूट’. मूठ या अर्थीचा इंग्रजी ‘फिस्ट’ हा शब्ददेखील पाच बोटांवरून याच मुळापासून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे वर्गात सांगायचे झाले, तर इंग्रजी मूठ आपल्या पंजाची दूरची बहीण असण्याचा बराच संभव आहे, आणि त्या मुठीने मारलेला ‘पंच’ मात्र पंजाचा कुणीच लागत नाही.